दुवा सर्वांत शेवटी : संकेतपृष्ठांचे संदर्भ कसे नोंदवावेत

नागपुरात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध आणि पीएच.डी.चे आराखडे वाचताना संदर्भसूचीच्या शेवटच्या पानाशी मी हमखास अडखळतो. पुस्तकांची यादी बहुधा नीट असते. लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष हे सारे आपापल्या जागी असते. त्याखाली ‘संकेतस्थळे’ किंवा ‘वेबलिओग्राफी’ असे उपशीर्षक येते आणि मग सहा-सात दुवे एकाखाली एक चिकटवलेले दिसतात. त्यांपैकी एक गूगलच्या मुखपृष्ठाचा असतो, एक नुसता विकिपीडियाचा. पुस्तकाच्या बाबतीत ‘ग्रंथालय, दुसरा मजला, खिडकीजवळचे कपाट’ असा संदर्भ कोणी देणार नाही. गूगलचा दुवा देणे हे त्याच जातीचे काम आहे.

संदर्भ दिला जातो तो वाचकाला आपण पाहिलेला मजकूरच पाहता यावा आणि त्याची विश्वासार्हता स्वतः जोखता यावी म्हणून. त्यासाठी मजकूर कोणी लिहिला, त्याचे शीर्षक काय, तो कोठे प्रसिद्ध झाला आणि केव्हाचा आहे, ही चार उत्तरे लागतात. दुवा पाचव्या क्रमांकावर येतो आणि तो या सर्वांत कच्चा असतो. हे मी स्वानुभवाने शिकलो. माझ्या लघुप्रबंधात एका कार्यालयाच्या संकेतस्थळावरील कोष्टक वापरले होते आणि तळटीपेत फक्त दुवा दिला होता. मौखिक परीक्षेच्या वेळी बहिःस्थ परीक्षकांनी तो समोरच्या संगणकावर उघडला आणि ‘पान सापडले नाही’ अशी पाटी आली. मधल्या काळात त्या कार्यालयाने संकेतस्थळाची नव्याने बांधणी केली होती. कोष्टकाचे शीर्षक, वर्ष आणि ते प्रसिद्ध करणारा विभाग एवढे जरी मी लिहून ठेवले असते, तरी ते दुसऱ्या मार्गाने शोधता आले असते. असे प्रकार विरळा नाहीत. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या संकेतपृष्ठांपैकी (वेब पेजेसपैकी) ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. पीएच.डी.ला आपल्याकडे लागणारा काळ लक्षात घेता, पहिल्या वर्षी नोंदवलेल्या दुव्यांपैकी काही दुवे प्रबंध सादर करण्यापूर्वीच मरणार, असे गृहीत धरून काम करणे शहाणपणाचे आहे.

पुढील विवेचनासाठी एक विषय डोळ्यांसमोर ठेवू. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. भूगोलाचा किंवा पर्यावरणशास्त्राचा एखादा विद्यार्थी या पुरावर लघुप्रबंध लिहीत आहे, असे समजा. त्याला वृत्तपत्रांच्या संकेत आवृत्त्या, हवामान विभागाची पृष्ठे, शासन निर्णय, विश्वकोशातील नोंदी, जुनी गॅझेटिअरे (जिल्ह्याची माहिती देणारे शासकीय ग्रंथ) आणि शोधनिबंध या सर्वांकडे जावे लागेल.

पहिली पायरी : ते खरोखर संकेतपृष्ठ आहे का, हे ठरवा

संगणकाच्या पडद्यावर वाचली म्हणून प्रत्येक गोष्ट संकेतपृष्ठ होत नाही. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले नागपूर जिल्ह्याचे १९०८ सालचे गॅझेटिअर इंटरनेटवर स्कॅन केलेल्या स्वरूपात वाचता येते. तो ग्रंथ आहे. त्याचा संदर्भ संपादक, शीर्षक, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठक्रमांकासह ग्रंथासारखाच द्यावा आणि हवा तर शेवटी दुवा जोडावा. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंध हा प्रबंधच असतो, त्यामुळे संशोधकाचे नाव, विद्यापीठ आणि वर्ष आधी येते. वृत्तपत्राच्या ई-पेपरला पृष्ठक्रमांक आणि आवृत्ती असते. तो छापील अंकाची प्रतिमा असल्याने ‘नागपूर आवृत्ती, पृ. ३’ असे लिहिता येते. त्याच वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील बातमीला यांपैकी काहीच नसते आणि तिचा मथळा छापील बातमीपेक्षा बहुधा वेगळा असतो. आपण जे पाहिले तेच नोंदवावे. संकेतस्थळावर वाचून छापील अंकाचा हवाला देणे हा लहानसा का होईना, खोटेपणाच आहे.

नियतकालिकातील लेखाला डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक असेल, तर बाकी दुवे विसरावेत. हा क्रमांक नेहमी १० या अंकांनी सुरू होतो. प्रकाशकाने लेख दुसऱ्या जागी हलवला, तरी डीओआय वाचकाला नव्या जागी नेतो. तो दिल्यावर ‘पाहिल्याची तारीख’ लिहिण्याची गरज उरत नाही.

दुसरी पायरी : वाचत असतानाच नोंद करा

प्रबंध टंकलिखित झाल्यावर, सीताबर्डीच्या दुकानात बांधणीला देण्याच्या आदल्या रात्री संदर्भ गोळा करायला बसणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तोवर ब्राउझरचा इतिहास पुसला गेलेला असतो आणि ‘कुठेतरी वाचले होते’ एवढेच हाती उरते. एक वही किंवा संगणकातील एक तक्ता पुरतो. ज्या क्षणी एखाद्या पृष्ठावरील वाक्य किंवा आकडा टिपून घ्याल, त्याच क्षणी लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, प्रसिद्धीची व अद्ययावत केल्याची तारीख, आपण पाहिल्याची तारीख आणि दुवा लिहून ठेवावा. जो मजकूर शब्दशः उतरवला त्याला तिथल्या तिथे अवतरणचिन्हे घालावीत. आज स्वतःचे आणि परक्याचे वाक्य वेगळे ओळखू येते. सहा महिन्यांनी ते ओळखू येत नाही.

लेखक शोधताना घाई करू नये. बातमीच्या वर ‘विशेष प्रतिनिधी’, ‘वेब टीम’ किंवा एखाद्या वृत्तसंस्थेचे नाव असते. व्यक्तीचे नाव असेल तर ते घ्यावे. वृत्तसंस्था असेल तर तिला लेखक मानावे. नुसते ‘टीम’ असेल तर वृत्तपत्राचे नाव लेखकाच्या जागी लिहावे. शासकीय व संस्थात्मक पृष्ठांची लेखक ती संस्थाच असते, पण ती नेमकी लिहावी. ‘भारत सरकार’ एवढ्याने काही कळत नाही. ‘भारतीय हवामानशास्त्र विभाग, प्रादेशिक हवामान केंद्र, नागपूर’ असे लिहिल्यावर कोणाची नोंद वापरली आहे ते समजते. ज्या पृष्ठाचा लेखकही सापडत नाही आणि प्रकाशक संस्थाही सापडत नाही, ते पृष्ठ संदर्भ म्हणून वापरण्याच्या लायकीचे आहे का, हा प्रश्न तिथेच विचारावा. माझ्या मते बहुतेक वेळा त्याचे उत्तर नाही असेच येते.

तारखेचा घोळ सर्वांत मोठा असतो. पृष्ठाच्या तळाशी स्वामित्वहक्काचे जे वर्ष असते ती मजकुराची तारीख नव्हे. ते वर्ष अनेकदा दर जानेवारीत आपोआप बदलते. काही संकेतस्थळांच्या माथ्यावर आजची तारीख झळकत असते. तिचाही मजकुराशी संबंध नसतो. शासकीय संकेतस्थळांच्या तळाशी ‘शेवटचे अद्यतन’ म्हणून जी तारीख असते, ती पुष्कळदा संपूर्ण स्थळाची असते, तुम्ही वाचत असलेल्या पृष्ठाची नव्हे. बातम्यांना मात्र बहुधा दोन खऱ्या तारखा असतात, एक प्रसिद्धीची आणि दुसरी अद्ययावत केल्याची. आपल्या पुराच्या उदाहरणात हा फरक निर्णायक ठरतो. आपत्तीच्या दिवशी एकच बातमी सकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा पुन्हा बदलली जाते, सकाळचा पावसाचा किंवा हानीचा आकडा संध्याकाळी वेगळा असतो, आणि दुवा मात्र तोच राहतो. म्हणून अशा बातमीच्या नोंदीत अद्ययावत केल्याची वेळही लिहावी. तारीखच नसेल तर अंदाजाने वर्ष घालू नये, ‘ता. न.’ म्हणजे तारीख नमूद नाही, असे लिहावे आणि पाहिल्याची तारीख अवश्य द्यावी. महिना नेहमी अक्षरांत लिहावा, कारण ०५/०६/२०२४ हा दिवस आपल्याकडे ५ जून असतो आणि अमेरिकी संकेतस्थळावर ६ मे.

शीर्षक पृष्ठावर दिसते तसेच घ्यावे. ब्राउझरच्या टॅबवरचे शीर्षक अनेकदा शोधयंत्रासाठी वेगळे केलेले असते. जुन्या मराठी पृष्ठांत आणि पीडीएफ धारिकांत युनिकोडपूर्व फाँट वापरलेले असतात. त्यांतून शीर्षक चिकटवले की निरर्थक अक्षरांची रांग उमटते. तेथे हाताने टंकलेखन करण्याला पर्याय नाही.

शासन निर्णय आणि विश्वकोश

या दोन साधनांबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण मराठीतून संशोधन करणाऱ्याला ती सतत लागतात आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेख नसतो.

महाराष्ट्र शासनाचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात असतात. प्रत्येक निर्णयाच्या माथ्यावर विषय, क्रमांक, विभाग आणि दिनांक असतो. निर्णयाच्या अखेरीस तो संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक आहे, असे वाक्य असते. अठरा अंकांचा हा संकेतांक म्हणजे संशोधकाला मिळालेली देणगीच आहे. त्यातील पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात, आणि दुवा बदलला तरी या आकड्यावरून निर्णय पुन्हा शोधता येतो. निर्णयाच्या माथ्यावरील दिनांक आणि संकेतांकातील दिनांक क्वचित वेगळे असू शकतात, म्हणून दोन्ही जसेच्या तसे द्यावेत. नोंद साधारण अशी होईल :

महाराष्ट्र शासन, (विभागाचे नाव). (वर्ष, महिना दिवस). ‘निर्णयाचा विषय’. शासन निर्णय क्रमांक : … . संगणक संकेतांक : … .

त्याच निर्णयाचे नंतर शुद्धिपत्रक निघाले आहे का, किंवा त्याची जागा नव्या निर्णयाने घेतल्याने तो अधिक्रमित झाला आहे का, हेही पाहावे. पूरग्रस्तांच्या मदतीचे दर सांगताना जुन्या निर्णयावर विसंबणारा विद्यार्थी संदर्भाचे स्वरूप अचूक ठेवूनही मजकुरात चुकलेला असतो.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि छापील खंडांतील नोंदी पुढे संकेतस्थळावर आल्या. संकेतस्थळावर वाचलेली नोंद २०२५ ची, असे मानून कोणी एखाद्या शहराची लोकसंख्या उतरवली, तर ती कदाचित १९७१ च्या जनगणनेची निघेल. म्हणून येथे दोन काळ लिहावे लागतात, छापील खंडाचा आणि आपण पाहिल्याचा. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते, आणि तेच आपल्या संदर्भात सर्वांत आधी यायला हवे. ‘मराठी विश्वकोश’ हे ज्या ग्रंथात नोंद आहे त्याचे नाव म्हणून पुढे येते. पुष्कळ विद्यार्थी लेखकाचे नाव गाळतात, कारण ते तळाशी असते आणि तोवर त्यांनी हवा तो परिच्छेद उचललेला असतो.

विकिपीडियाबाबत माझे मत जुन्या वळणाचे आहे. विषयात शिरण्यासाठी ती वाचावी, तिच्या तळटीपांतून मूळ साधनांकडे जावे आणि हवाला मूळ साधनाचा द्यावा. विकिपीडियाच संशोधनाचा विषय असेल, किंवा तिचाच हवाला अपरिहार्य असेल, तर लेखाच्या इतिहासातून त्या विशिष्ट आवृत्तीचा कायमस्वरूपी दुवा घ्यावा, कारण साध्या दुव्यावरचा मजकूर उद्या कोणीही बदललेला असेल. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर कितीही पटला तरी तो साधन नव्हे. संवादयंत्राने (एआय चॅटबॉटने) पुरवलेले संदर्भ तर एकेक उघडून पाहिल्याशिवाय घेऊच नयेत. अस्तित्वात नसलेले लेख, खऱ्या वाटणाऱ्या नावांसह, ती यंत्रे सहज रचून देतात.

तिसरी पायरी : दुवा स्वच्छ करा

फेसबुकवरून किंवा वार्तापत्रातून उघडलेल्या पृष्ठाच्या दुव्याला प्रश्नचिन्हानंतर एक लांबलचक शेपूट असते. ते वाचक कोठून आला हे मोजण्यासाठी असते आणि संदर्भात त्याचे काही काम नसते. परंतु सरसकट प्रश्नचिन्हानंतरचे सारे उडवू नये, कारण काही संकेतस्थळांवर, विशेषतः शासकीय, पृष्ठाची ओळखच त्या भागात असते. शेपूट काढून उरलेला दुवा ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) विंडोत उघडून पाहावा. तेच पृष्ठ आले तर काम झाले. ही चाचणी आणखी एका कारणासाठी उपयोगी पडते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या सदस्यत्वातून उघडलेला लेख आपल्याला दिसतो, पण तोच दुवा बाहेरच्या वाचकाला प्रवेशद्वारावर अडवतो. खासगी विंडोत हे बहुधा लगेच उघड होते.

देवनागरीतील दुव्यांची अडचण निराळी आहे. ब्राउझरमध्ये ‘नागपूर’ असे सुबक दिसणारे अक्षरसमूह चिकटवताना टक्केचिन्हे, रोमन अक्षरे आणि अंकांच्या माळेत बदलतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हामागे नऊ अक्षरे खर्ची पडतात, म्हणजे ‘नागपूर’ या सहा चिन्हांच्या शब्दासाठी चोपन्न. मराठी विकिपीडियाच्या एका दुव्याने तळटीपेच्या तीन ओळी खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत. आवृत्तीक्रमांकाचा कायमस्वरूपी दुवा मिळत असेल तर तो आखूड असतो. तो नसेल तर संकेतस्थळाचे नाव आणि पृष्ठाचे देवनागरी शीर्षक देऊन संपूर्ण दुवा परिशिष्टात न्यावा.

चौथी पायरी : पृष्ठ जतन करा

इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ साली स्थापन झाली आणि तिचे वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुले आहे. तेथे कोणत्याही खुल्या पृष्ठाचा दुवा देऊन त्या क्षणीची प्रत साठवता येते; त्यासाठी पैसे लागत नाहीत. साठवलेल्या प्रतीच्या दुव्यात चौदा अंक असतात, वर्षापासून सेकंदापर्यंत. ही वेळ भारतीय नसून जागतिक प्रमाणवेळ असते आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. त्यामुळे नागपुरात पहाटे तीन वाजता साठवलेल्या पृष्ठावर आदल्या दिवसाची तारीख पडते. प्रबंधातील ‘पाहिल्याची तारीख’ आणि साठवलेल्या दुव्यातील तारीख जुळत नाही म्हणून घाबरलेल्या एका विद्यार्थिनीला हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला होता. आता मी ते आधीच सांगतो.

ज्या पृष्ठांवर प्रवेशासाठी नाव आणि पासवर्ड लागतो ती येथे साठत नाहीत, आणि काही संकेतस्थळे साठवणुकीला नकार देतात. अशा वेळी छपाईच्या आज्ञेतून पृष्ठाची पीडीएफ प्रत करावी. तिच्या कडेला दुवा आणि तारीख उमटेल अशी मांडणी ठेवावी. प्रबंधाचा मुख्य दावा ज्या दोन-चार पृष्ठांवर उभा असेल, त्यांच्या प्रती परिशिष्टात जोडाव्यात.

पाचवी पायरी : मांडणी

येथे नवशिके सर्वाधिक वेळ घालवतात आणि येथेच सर्वांत कमी वेळ लागायला हवा. संदर्भ मांडण्याच्या एपीए, एमएलए आणि शिकागो या तीन पद्धती आपल्याकडे प्रचलित आहेत. एपीएच्या सातव्या आवृत्तीत लेखकामागोमाग कंसात तारीख येते, आणि पाहिल्याची तारीख फक्त बदलत राहणाऱ्या पृष्ठांसाठी मागितली जाते. एमएलएमध्ये ती ऐच्छिक आहे. शिकागोमध्ये प्रसिद्धीची तारीख नसेल तेव्हा ती द्यावी लागते. आपल्या विभागाला कोणती पद्धत मान्य आहे हे मार्गदर्शकांना आरंभीच विचारावे. मी माझ्या विद्यार्थ्यांना पाहिल्याची तारीख सर्वच संकेतपृष्ठांसाठी द्यायला लावतो. जास्त माहितीबद्दल आजवर कोणत्याही परीक्षकांनी आक्षेप घेतलेला नाही. पूरविषयक बातमीची नोंद अशी दिसेल :

आडनाव, नाव. (२०२३, सप्टेंबर २३). ‘बातमीचे शीर्षक’. वृत्तपत्राचे नाव, संकेत आवृत्ती. अद्ययावत : २३ सप्टेंबर २०२३, सायं. ६.१०. पाहिले : ४ जुलै २०२५. दुवा.

इंग्रजीत शीर्षके तिरप्या अक्षरांत छापतात. देवनागरी तिरपी केली की बहुतेक फाँटांत ती मोडल्यासारखी दिसते, म्हणून एकेरी अवतरणचिन्ह किंवा ठळक ठसा यांपैकी एक निवडावा आणि तोच अखेरपर्यंत ठेवावा. संदर्भसूचीत मराठी साधने मराठी वर्णानुक्रमाने आधी आणि इंग्रजी साधने नंतर, अशी विभागणी सोयीची पडते. संकेतपृष्ठांची मात्र वेगळी पंगत मांडू नये. लेखकाच्या आडनावानुसार ती इतर साधनांतच मिसळावीत. वेगळ्या पंगतीत बसवले की नोंद अपुरी ठेवण्याची मुभा मिळाल्यासारखे वाटते.

मजकुरात हवाला देताना संकेतपृष्ठाला पृष्ठक्रमांक नसतो, ही अडचण येते. तेथे परिच्छेदाचा क्रमांक किंवा उपशीर्षक द्यावे : (आडनाव, २०२३, परि. ४). तळटीपांची पद्धत असेल तर लागोपाठच्या दुसऱ्या उल्लेखासाठी आपले ‘तत्रैव’ (म्हणजे ‘त्याच ठिकाणी’) येथेही चालते, फक्त मधे दुसरी तळटीप घुसली नाही ना, हे अखेरच्या तपासणीत पाहावे.

झोटेरोसारखी मोफत आज्ञावली ब्राउझरला जोडली की एका टिचकीसरशी नोंद तयार होते. ती वापरावी, पण तपासावी. मराठी वृत्तपत्रांच्या पृष्ठांवरून ती कधी ‘टीम’ हे आडनाव आणि ‘वेब’ हे नाव समजते, आणि मग संदर्भसूचीत ‘टीम, वेब’ नावाचे गृहस्थ अवतरतात.

साम्यचाचणीबद्दल, म्हणजे प्रबंधातील मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याच्या तपासणीबद्दल थोडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास प्रबंध सुधारून पुन्हा सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष थांबावे लागते आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. परंतु शब्द बदलून उचललेला विचार टक्केवारीत दिसला नाही, तरी हवाला त्यालाही द्यावाच लागतो.

प्रबंध छपाईला देण्यापूर्वी अंतिम पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडून प्रत्येक दुव्यावर टिचकी मारून पाहावी. ओळीच्या शेवटी तुटलेल्या दुव्यात वर्ड कधी जोडरेषा घालतो आणि दुवा चुकीच्या पृष्ठावर जातो. वाक्याचा पूर्णविराम दुव्याला चिकटला तरी तेच होते, म्हणून दुव्यानंतर पूर्णविराम देऊ नये किंवा मधे एक जागा सोडावी. मेलेला दुवा सापडल्यास नोंद काढून टाकू नये. साठवलेल्या प्रतीचा दुवा जोडावा आणि मूळ पृष्ठ कोणत्या तारखेपर्यंत उपलब्ध होते, ते कंसात लिहावे.